११व्या वर्षी बॅलेच्या बोर्डिंगला पाठवायचं की १६ पर्यंत घरीच ठेवायचं?

मुलगी दहा वर्षांची, बॅलेचं वेड, टीचर म्हणतात हिच्यात काहीतरी आहे, आणि आता लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचा ऑडिशन फॉर्म भरायचा की नाही यावर घरात रोज वाद. आम्ही पाच वर्षांपूर्वी याच जागी होतो. इंग्लंडात रेडिंगला राहतो, आमची थोरली घरी राहूनच शिकली, तिची जिवाभावाची मैत्रीण ११व्या वर्षी बोर्डिंगला गेली, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

बोर्डिंग म्हणजे इथे पहिलं नाव व्हाइट लॉजचं, म्हणजे रॉयल बॅले स्कूलच्याच लहान मुलांच्या शाळेचं. रिचमंड पार्कमधली इमारत, ११ ते १६ वयाची मुलं, शाळेचा अभ्यासही तिथेच. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रोजचा क्लास. बारला (भिंतीलगतच्या दांड्याला) धरून प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत ताणणं), मग सेंटर (दांडा सोडून मध्यभागी), मग उड्या, तेच तेच वर्षानुवर्षं, आणि चूक झाली की त्याच दिवशी कोणीतरी पाऊल हातात धरून सरळ करतं. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, तो खुब्यातून यायला हवा, मूल तो गुडघ्यातून ओढून आणायला लागलं तर पुढे गुडघेच जातात, आणि आठवड्यातून तीनदा बघणाऱ्या टीचरच्या नजरेतून ते कधी कधी सुटतं. आमच्याकडे सुटलं होतं, सुधारायला अख्खं वर्ष गेलं.

घरी ठेवलं तर काय? संध्याकाळी लोकल क्लास, शनिवारी असोसिएट्सचा क्लास (घरी राहणाऱ्या मुलांसाठी रॉयल बॅले स्कूलच घेतं, ८व्या वर्षापासून, त्याचीही ऑडिशन असते), आणि बाकी सगळं तुमच्या गाडीत. जेवण गाडीत, होमवर्क गाडीत, केसांचा बन गाडीत. रविवारी रात्री मी डायनिंग टेबलवर पॉइंट शूजना (बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट) रिबन शिवते, साधा दोरा तुटतो म्हणून डेंटल फ्लॉसने, आणि पंधरा दिवसांत पुढचा कडक भाग घामाने मऊ पडला की परत नवी जोडी. पैशाचं म्हणाल तर बोर्डिंगची फी ऐकून घाबरू नका, सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम आहे, घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते. घरचा खर्च थोडा थोडा होतो म्हणून कमी वाटतो एवढंच.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ११व्या वर्षी तुम्ही जे शरीर बघून निर्णय घेता ते १४व्या वर्षी तसं राहत नाही. उंची झपाट्याने वाढते, बॅलन्स जातो, टाचा दुखतात, काल जमणारं आज जमत नाही. घरी असताना आमची रडली, दोन महिने क्लास कमी केला, परत उभी राहिली. बोर्डिंगमध्ये त्याच वयात पुढे ठेवणार नाही असं सांगितलं जाऊ शकतं. मैत्रिणीला १३व्या वर्षी तसं सांगितलं. ती आमच्याकडे आली तेव्हा दोन दिवस बोललीच नाही.

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत, तिथल्या नावाजलेल्या बॅले शाळेत, तर घरी थांबून उशिरा जायचा पर्यायच जवळपास नाही, दहाव्या वर्षी निवड आणि पुढे आठ वर्षं. त्या मानाने इंग्लंडात मागचं दार उघडं असतं. डार्सी बसेल व्हाइट लॉजला १३व्या वर्षी गेली, आणि १९८९ मध्ये, विशीत, रॉयल बॅले कंपनीची प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची नर्तकी, झाली. अमेरिकेत मिस्टी कोपलंड या नावाजलेल्या नर्तकीने बॅले सुरूच १३व्या वर्षी केलं. अशा मुली बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यांच्याकडे बघून निवांत राहू नका, पण ११ला नाही म्हणजे कधीच नाही असंही नाही.

माझं मत विचाराल तर टीचरने मुलीला दिलेली करेक्शन (चुकीची दुरुस्ती) ती घरी येऊन कोणी न सांगता करते का ते बघा. आमची धाकटी पोहे होईपर्यंत ओट्याला धरून तांद्यू करते, थांब म्हटलं तरी थांबत नाही, तिला मी उद्या बोर्डिंगला पाठवेन. थोरली क्लासमध्ये जीव तोडून नाचायची आणि घरी आली की तिला आजी आणि भावंडं लागायची, तिला पाठवलं नाही ते बरोबरच केलं असं आजही वाटतं.

फॉर्म मात्र भराच, यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी ऑडिशन परत देता येते, मधल्या इयत्तांतही घेतात. आणि एकदा मुलीला लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला फ्लोरल स्ट्रीटवर घेऊन जा. वर बघितलं की पीळ दिल्यासारखा पूल दिसतो, एका टोकाला रॉयल बॅले स्कूलचीच १६च्या पुढची अप्पर स्कूल आणि दुसऱ्या टोकाला रॉयल ऑपेरा हाउस. थोरली तिथे अर्धा तास मान वर करून उभी होती, आता त्याच शाळेच्या ऑडिशनची तयारी चाललीय.