ईएसआयचा बेरोजगारी भत्ता काढायचाय? आधी या सेंटरवर रेकॉर्ड वाचून घ्या (४ स्टार)

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला झेरॉक्स, पॅन, आधार प्रिंट, लाइट बिल करणारी दुकानं पावलापावलावर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पीएफ ईएसआय क्लेम करून मिळेल असा बोर्ड पण लावलेला असतो. त्यातल्याच या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरच्या ताई मात्र असं एक काम करतात जे मला दुसरीकडं कुठं बघायला मिळालं नाही, ते म्हणजे क्लेमचं बटण दाबायच्या आधी तुमचं पोर्टलवरचं सगळं रेकॉर्ड उघडतात, स्क्रीन तुमच्याकडं फिरवतात आणि एक एक ओळ मोठ्यानं वाचून दाखवतात. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, खातं, आयएफएससी, कुठल्या महिन्यात किती दिवस भरलेत, काम सुटल्याची तारीख आहे का नाही. मग सांगतात आज क्लेम टाकायचा का थांबायचं. काम गेलेल्या माणसासाठी हे किती मोठं आहे ते काम गेल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडं पगारातून ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा कापला जातो तो फक्त दवाखान्यासाठी नसतो. जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम सुटलं तर जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, आधी तो रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के होता, मार्च २०२० पासून ५० टक्के केला आणि पूर्वी ९० दिवस बेकार राहिल्यावर क्लेम करता यायचा तो ३० दिवसांवर आणला. पूर्वी क्लेम मालकामार्फत जायचा, आता कामगार स्वतः ऑनलाइन भरून शाखा कार्यालयात देऊ शकतो. महिन्याला २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्यांचा ईएसआय असतो, त्यात आपले ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. आमच्या मशिन शॉपमध्ये कितीतरी जणांना ही योजना आहे हेच माहीत नव्हतं, कापलेले पैसे मात्र प्रत्येकाच्या पे स्लिपवर दिसतात. ही कुणी केलेली मेहेरबानी नाही ओ, आपण भरलेल्या विम्याचं आहे ते.

माझं काम गणपतीत सुटलं. मशिन शॉपला सीएनसीवर होतो, कॉन्ट्रॅक्टरकडून. फाउंड्रीकडून माल यायचा कमी झाला, दोन शिफ्टची एक झाली आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना आता येऊ नका, ऑर्डर आली की कळवतो एवढंच तोंडी सांगितलं. पत्र नाही, नोटीस नाही, हिशोब नाही. आधी मी एका एजंटाकडं गेलो होतो, त्यानं आधार आणि पासबुकचे फोटो घेतले, मिळतील त्या पैशातले दहा टक्के माझे म्हणाला आणि नंतर दर वेळी प्रोसेसमध्ये आहे, प्रोसेसमध्ये आहे. फॉर्म भरायला सरकार एक रुपया घेत नाही आणि हा माणूस बेकार माणसाच्या भत्त्यात हिस्सा मागतो, याचा मला अजून राग आहे.

मग शेजारच्या शॉपमधल्या एका दादानं या सेंटरचं नाव सांगितलं. ताईंनी माझा दहा आकडी आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमा नंबर, टाकला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं काम सुटलंय हे तुम्ही म्हणताय, रेकॉर्ड म्हणत नाही." झालं काय होतं तर कॉन्ट्रॅक्टर दर महिन्याला ईएसआयचं चलन भरतो तेव्हा ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढं कारण निवडावं लागतं. ऑन लीव्ह (रजेवर), लेफ्ट सर्व्हिस (काम सोडलं), रिट्रेंचमेंट (कपात), नो वर्क अशी यादी असते. लेफ्ट सर्व्हिस किंवा रिट्रेंचमेंट निवडलं तर शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख टाकावी लागते, ऑन लीव्ह टाकलं तर लागत नाही. ताई म्हणाल्या तारीख नाही म्हणजे तुम्हाला रजेवर दाखवलं असणार, क्लार्कला विचारा. विचारलं तर तसंच निघालं. म्हणजे घरात गॅस भरायला पैसे नाहीत म्हणून मी उसने मागत फिरत होतो आणि कागदावर मी सुट्टीवर होतो.

सगळा अडकलेला क्लेम या एका रकान्यात असतो आणि तो रकाना आपल्या हातात नाही. पीएफचं बघा, शेवटच्या कॉन्ट्रिब्युशननंतर दोन महिने झाले की मालकानं तारीख टाकली नसेल तरी आधार ओटीपीवर आपली आपण टाकता येते. ईएसआयच्या चलनात मात्र मालक जे लिहील ते. माझं स्पष्ट मत आहे की इथंही कामगाराला तारीख टाकायची सोय द्यायला पाहिजे, मालकाची हरकत असेल तर त्यानं ठराविक दिवसांत सांगावी. ज्यानं कामावरून काढलं त्याच्याच मर्जीवर काम गेल्याचा पुरावा ठेवायचा, हे बरोबर नाही.

ताईंनी काय केलं तर एक पानाचा अर्ज टाइप करून दिला, त्यात कामाला लागल्याची तारीख, शेवटचा दिवस, आयपी नंबर आणि चलनातलं कारण दुरुस्त करा एवढीच मागणी. एक प्रत कॉन्ट्रॅक्टरला आणि एक प्रत मूळ कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टानं. कंपनीला कशाला पाठवायचं असं मी विचारलं तर म्हणाल्या, ईएसआयच्या नियमात वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते, माणूस ठेकेदाराचा असला तरी. आणि तसंच झालं बघा, इतके दिवस फोन न उचलणारा कॉन्ट्रॅक्टरचा क्लार्क कंपनीत पत्र पोचल्यावर स्वतः फोन करून तारीख कुठली टाकू विचारायला लागला. तरी पुढं दुरुस्ती दिसायला वेळ लागलाच आणि त्या काळात त्या क्लार्कच्या मागं सतत लागावं लागलं, ते काही आपोआप होत नाही.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, कोऱ्या कागदावर किंवा छापील राजीनाम्यावर सही करू नका. हिशोब देतो, आधी इथं सही कर असं म्हणत्यात आणि माणूस गरजेपोटी करतो. मग कागदावर तुम्ही स्वतःहून सोडल्यासारखं दिसतं, आणि अटल योजनेत स्वेच्छानिवृत्ती, वय होऊन रिटायर होणं आणि गैरवर्तनासाठी काढलेला माणूस बसत नाही. आणि खरोखर कपात झाली असेल किंवा कारखाना बंद पडला असेल तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना पण आहे, तिच्यात पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचा भत्ता. शिवाय वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कपात करताना प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागते ती वेगळीच. एका सहीनं एवढं सगळं हातातून जाऊ शकतं.

दिवसांची अट पण त्या आधीच मोजून बघतात. काम सुटायच्या आधी दोन वर्षं विमा पाहिजे, शेवटच्या कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीन पिरियडपैकी एकात किमान ७८ दिवस. पिरियड म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आमच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या एका वहिनींना ताईंनी तिथंच सांगितलं की तुमचे दिवस कमी दाखवलेत, आधी हजेरी कार्ड आणि पे स्लिपा आणा. त्या बाई रोज कामाला होत्या, आम्ही बघितलंय. त्यांचं अजून चालू आहे आणि ते पूर्ण व्हावं असं मनापासून वाटतं.

किती मिळणार हे पण क्लेम टाकायच्या आधी कॅल्क्युलेटरवर दाखवतात, खोटी आशा लावत नाहीत. चार पिरियडची एकूण कमाई भागिले ७३० आणि त्याच्या निम्मे. समजा महिन्याला १८ हजार होते, तर दोन वर्षांचे ४ लाख ३२ हजार, भागिले ७३० केले की रोजचे साधारण ५९२, निम्मे २९६, आणि पूर्ण ९० दिवसांचे साधारण २६ हजार ६००. एवढ्यात घर चालत नाही, पण भाडं आणि पोरांची फी निघते, आणि भत्ता घेत असताना दवाखान्याची सोय चालू राहते हे आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं कारण आईची बीपी शुगरची औषधं तिथूनच येतात. मात्र हे ९० दिवस आयुष्यात एकदाच, त्यामुळं दुसरं काम महिन्याभरात लागणार असेल तर ताई स्वतः सांगतात की विचार करून टाका. ज्या दुकानाला क्लेमचे पैसे मिळणार तेच दुकान थांबा म्हणतंय, याचं मला कौतुक वाटलं.

नावाचं आणि खात्याचं पण बघून घ्या. आपल्याकडं कुणी आडनाव आधी लावतं कुणी शेवटी, कॉन्ट्रॅक्टरच्या पोरानं घाईत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं असतं आणि आधारशी जुळत नाही. एकाचं खातं सिंडिकेट बँकेचं होतं, ती एप्रिल २०२० मध्ये कॅनरात गेली, पण ईएसआयच्या रेकॉर्डला जुनाच आयएफएससी राहिलेला. ताईंनी नवीन पासबुकची झेरॉक्स लावून तो बदलायचा अर्ज आधी करून दिला, क्लेम नंतर.

माझ्या रेकॉर्डला काम सुटल्याची तारीख आल्यावर क्लेम ऑनलाइन भरला, प्रिंट, आधार आणि पासबुकची झेरॉक्स लावून शाखा कार्यालयात दिला आणि पोच घेतली. पैसे खात्यात आले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. यातला बहुतेक वेळ त्या तारखेच्या दुरुस्तीतच गेला.

आता एक स्टार का कमी केला ते. दराचा बोर्ड लावलेला नाही, माझ्याकडून क्लेमचे २०० घेतले ते योग्यच वाटले पण अर्ज, प्रिंट, स्कॅन वेगळं धरलं जातं आणि पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. टोकन पद्धत नाही, त्यामुळं ओळखीचा माणूस आला की मध्येच घुसतो आणि ताईंना नाही म्हणता येत नाही, बायका पोरं घेऊन उभ्या असतात त्यांना बसायला दोनच खुर्च्या आहेत. कॉम्प्युटर एकच आणि पोर्टल बंद पडलं की सगळ्यांनाच थांबावं लागतं, निदान तेवढं व्हॉट्सअॅपला स्टेटसवर टाकलं तर लांबून मिरजेहून, माधवनगरहून येणाऱ्यांचं रिक्षाभाडं वाचेल.

जाताना आधारला लिंक असलेला मोबाइल सोबतच न्या कारण ओटीपी त्यावरच येतो, पासबुक, असतील तेवढ्या पे स्लिपा, गेट पास किंवा हजेरी कार्ड, आणि कॉन्ट्रॅक्टरशी झालेले मेसेज डिलीट करू नका. अटल योजना मुदतवाढीवर चालते म्हणून ती सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या, ईएसआयचा टोल फ्री १८००११२५२६ आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तोबा गर्दी असते, सकाळी दुकान उघडलं की लगेच गेलात तर ताई निवांत बसून सगळं वाचून दाखवतात.