कापोसी सार्कोमा: एचआयव्हीत एक वाट, किडनी बदलल्यावर दुसरी

खानापूर असो की निपाणी, अंगावर जांभळट डाग उठला की आपण आधी मलम लावतो. बहुतेकदा भागतंही. पण एचआयव्ही असलेल्या किंवा किडनी बसवलेल्या माणसाच्या पायावर, तोंडात टाळूला न दुखणारा, न खाजणारा डाग दिसला तर थांबू नका. क्वचित तो कापोसी सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग असतो. बायोप्सीनं, म्हणजे डागाचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर खात्री होते. मागचा विषाणू दोघांतही एकच, १९९४ मध्ये सापडलेला एचएचव्ही-८. उपचार मात्र वेगळ्या वाटेनं जातो.

एचआयव्हीत प्रतिकारशक्ती वर आणायची. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि आजार थोडका असेल तर पुष्कळदा त्यांनीच डाग ओसरतात. फुप्फुसात, आतड्यात गेला असेल तर केमोथेरपी जोडतात. सुरुवातीला काहींचे डाग वाढतात. घाबरून गोळ्या सोडू नका, लगेच केंद्रात दाखवा.

किडनीवाल्यांचं मला जास्त अवघड वाटतं. त्यांची प्रतिकारशक्ती औषधानं मुद्दाम दाबलेली असते. औषध उतरवलं तर डाग मावळू शकतात, पण शरीर नवी किडनी नाकारू शकतं. आणि ती किडनी अनेकदा घरातल्याच आईनं, बायकोनं दिलेली असते. म्हणून डॉक्टर पुष्कळदा प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस काढून त्याच कामाचं दुसरं औषध, सिरोलिमस देतात. ते किडनी सांभाळतं, कर्करोगालाही आवर घालतं. हा बदल किडनीच्या डॉक्टरांनीच करायचा. बेळगावातून मिरज-कोल्हापूरला दाखवायला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्याच.