क्रम्बल की अख्खं भाजलेलं सफरचंद?

खारघरच्या धाकट्या जावेने दसऱ्याला ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, घेतला आणि चार दिवसांत तिचा फोन आला. रविवारी सहा माणसं जेवायला आहेत, केक फसला तर फजिती, म्हणून फळांचं काहीतरी सोपं भाजायचंय. "ताई, क्रम्बल करू की ते अख्खं सफरचंद?" क्रम्बल म्हणजे फळांच्या फोडींवर पीठ, बटर, साखरेचा भुगा पसरून भाजलेला गोड पदार्थ. मी दोन्ही बऱ्याचदा केलंय, दोन्हींत तोंडघशीही पडलेय.

आधी फळाचं बघू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. क्रम्बल मूळचा इंग्लंडचा. तिकडे तो ब्रॅमली जातीच्या सफरचंदांचा करतात. ती इतकी आंबट की बहुतेक शिजवायलाच वापरतात. आपल्याकडे ठाण्यात जांभळी नाक्याला सप्टेंबर-ऑक्टोबरात ढीग लागतात ते हिमाचल-काश्मीरच्या डेलिशियसचे. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळ कोटगढला ही जात लावली आणि पुढे तिने सगळा पहाड व्यापला. चिरून खायला फर्मास, पण आंबटपणा नावालाच, आणि भट्टीत गेली की लगदा होते. क्रम्बलमध्ये हा लगदा वरच्या खुसखुशीत थराखाली लपतो, उलट छानच लागतो. अख्ख्या सफरचंदाला लपायला जागा नाही.

त्यामुळे अख्खं भाजायचं तर फळ निवडून घ्या. लहान, टणक, देठापाशी हिरवट झाक असलेलं. ग्रॅनी स्मिथ मिळाली तर उत्तम, पण परदेशी हिरव्या सफरचंदांचा भाव ऐकून मी बहुतेक वेळा पुढे सरकते. क्रम्बलला मात्र फ्रीजमध्ये आठवडाभर पडलेली, जरा सुरकुतलेलीही चालतात. दोन्हीकडे लिंबू पिळायचंच. चार सफरचंदांना एक मध्यम लिंबू, नाहीतर शिऱ्यासारखं नुसतं गोड लागतं.

कष्ट क्रम्बलला जास्त, पण फार नाहीत. चार-पाच सफरचंदांच्या फोडी, दोन चमचे साखर, लिंबू, दालचिनी. वरच्या थराला १२० ग्रॅम मैदा किंवा गव्हाचं पीठ, ७५ ग्रॅम बटर, ६० ग्रॅम साखर आणि असले तर मूठभर ओट्स. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. ओटीजी आधी तापवून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं.

गोची असते ती बटरची. आपल्या हाताला करंजीची सवय, मोहन कडकडीत तापवून घालायचं. इथे नेमकं उलट. बटर गार राहिलं तर त्याचे कण पिठात सुटे राहतात आणि भाजताना भुगा होतो. वितळलं तर चकलीच्या पिठासारखा गोळा. ऑक्टोबर हीटमध्ये, पंखा बंद असलेल्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात, माझ्या बोटांत बटर मिनिटभरही टिकत नाही. म्हणून आता मी वडी फ्रीजरमधून काढून सरळ किसणीवर किसते आणि बोटांच्या टोकांनी पिठाशी जेमतेम चोळते. मोठ्या रव्यापासून शेंगदाण्याच्या कुटापर्यंत सगळे आकार दिसले की थांबायचं. एकसारखं करायच्या नादात पहिल्यांदा माझा दगड झाला होता. सासूबाईंनी चमच्याने दोनदा ठोकून पाहिला आणि विचारलं, "हे उकरून खायचं का गं?"

अख्ख्या सफरचंदाचं काम दहा मिनिटांचं. गाभा काढायचा, पण तळ फोडायचा नाही. पोकळीत गूळ, मनुका, अक्रोडाचे तुकडे, दालचिनी आणि वर तुपाचा गोळा. भांड्यात दोन चमचे पाणी, १८० अंशांवर तेवढाच वेळ. एक गोष्ट मात्र विसरू नका: मधोमध कंबरेला सुरीने सालीवर गोल चीर द्या. ती नसली तर आतल्या वाफेने साल फाटते. माझं एक असंच फुटलं, गूळ ट्रेभर सांडून करपला, आणि तो ट्रे दोन रात्री भिजत पडला होता.

या पदार्थाची मला मोठी वाटणारी बाजू वेगळीच: यात पीठ नाही. दालचिनी चालत असेल तर नवरात्राच्या उपासालाही खाता येतं. क्रम्बल राजगिऱ्याच्या पिठाचा करून पाहिला. उपास नसलेल्यांनी दुसऱ्यांदा मागितला नाही.

माणसं किती, हाही प्रश्न आहेच. सहा जणांना सहा सफरचंदं म्हणजे लहान ओटीजीत दाटीवाटी, कडेची करपतात, मधली कच्ची. क्रम्बल एकाच भांड्यात होतो. दोघांसाठी मात्र अख्खी दोन सफरचंदं बरी. एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर वीसेक मिनिटांत होतात आणि स्वयंपाकघर तापत नाही. क्रम्बलचा सुटा भुगा एअर फ्रायरचा पंखा उडवतो, तिथे नकोच.

फळ बदलायचं म्हणाल तर टणक नासपती चालते. पेरूच्या बिया दाताखाली येतात. सीताफळ अजिबात भट्टीत घालू नका, तापवलं की कडवटतं.

जावेला मी क्रम्बलच सांगितला. फोडी आणि भुगा सकाळीच वेगवेगळ्या डब्यांत, भुगा फ्रीजरमध्ये. माणसं जेवायला बसली की ओटीजी लावायचा. कस्टर्ड वगैरेच्या भानगडीत पडू नकोस म्हटलं, कोजागरीला करतो तसं मसाला दूध जरा जास्त आटव, गार कर आणि गरम क्रम्बलवर ओत. रविवारी रात्री तिचा फोटो आला, रिकाम्या भांड्याचा. कोपऱ्यात चिकटलेला भुगा कुणीतरी चमच्याने खरवडत होतं.