‘वेदर सील्ड’ म्हणून गळ्यात मारलेला कॅमेरा

आषाढी वारीची छायाचित्रे काढायची म्हणून गेल्या वर्षी मी पुण्यातील एका दुकानातून वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि लेन्स मिळून ४६,००० रुपयांना घेतली. दिवे घाटात पाऊस गाठणार हे गृहीत धरून कॅमेरा ‘वेदर सील्ड’ आहे का, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून त्याचे सांधे रबराने बंद केलेले आहेत का, असे मी दुकानदाराला स्पष्ट विचारले होते. त्याने बाटलीतले पाणी तळहातावर घेऊन कॅमेऱ्यावर शिंपडले, फडक्याने पुसले आणि तिथल्या तिथे फोटो काढून दाखवला. लेन्सच्या मागच्या कडेची काळी रबरी कडी दाखवून, ‘ही सील्ड लेन्स आहे’ असे सांगत त्याने अडीच हजार रुपये जास्त घेतले. माझा विश्वास बसला, कारण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते.

पालखी सासवडकडे निघाली त्या दिवशी घाटात पाऊण तास संततधार होती. आधी व्ह्यूफाइंडर आतून धूसर झाला, मग मागचा पडदा लुकलुकू लागला आणि शेवटी शटर अडकले. मी लगेच कॅमेरा बंद करून बॅटरी आणि कार्ड काढले व पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळला. ओल असताना वीज मिळाली तर आतील नुकसान वाढते. रात्री लेन्स काढली तेव्हा ती रबरी कडी लेन्सबरोबर आलीच नाही, ती कॅमेऱ्याच्या माउंटला, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याला, चिकटून राहिली. नखाने सोडवून पाहिली, तर आतल्या बाजूला वाळलेला गोंद होता आणि कापलेल्या पट्टीची दोन टोके जिथे जोडली होती तिथे फट दिसत होती. साध्या प्लॅस्टिक माउंटच्या लेन्सला कुठलीतरी रबरी पट्टी चिकटवून ती मला सील्ड म्हणून विकली होती.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्या अनुभवी कारागिराने वरचे झाकण माझ्यासमोर उघडले. कडेचे सील जागेवर नव्हते, दोन स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या आणि फ्लॅशच्या खाचेखालील जोडणीवर हिरवट गंज साचला होता. इतका जाड थर तीन दिवसांचा नाही, हा कॅमेरा आधीच एकदा भिजून उघडला गेला आहे, असे त्यांचे मत पडले. दुरुस्तीचा अंदाज १९,००० रुपये होता. दुकानदाराने मात्र बिलावरील ‘वापरलेला माल, गॅरंटी नाही’ या ओळीवर बोट ठेवले.

‘वेदर सील्ड’ या शब्दांमागे ठरलेले एकच मानक नाही. पाण्यापासून संरक्षणाचे आयपी दर्जे मात्र ठरलेले आहेत: आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे, हे अंक मोजमापाचे आहेत. परंतु बहुतेक कॅमेऱ्यांवर ते दिलेलेच नसतात. शिवाय बॉडी सील्ड असली तरी लेन्स तशी नसेल, तर माउंटमधून पाणी आत शिरतेच, आणि सीलचे रबर वयोमानाने कडक होते. म्हणून जुना कॅमेरा घेताना लेन्स काढून माउंटची कडी निरखून पाहावी, बॅटरीचे झाकण उघडून रबर तपासावे, स्क्रूंच्या खाचा भिंगाखाली बघाव्यात आणि दुकानदार तोंडी जे सांगतो ते बिलावर लिहून मागावे. चार थेंब शिंपडून दाखवणे ही परीक्षा नव्हेच, कारण फटीतून पाणी झिरपायला वेळ लागतो. सील खरे असले तरीही संततधारेत प्लॅस्टिकचे आवरण घालावे, आणि भिजलेला कॅमेरा तांदळात न पुरता हवाबंद डब्यात सिलिका जेल या ओल शोषणाऱ्या खड्यांसोबत ठेवावा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ‘पावसात बिनधास्त वापरा, लेन्सपण सील्ड आहे’ हा दुकानदाराने व्यवहारापूर्वी पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश मी जपून ठेवला होता, म्हणून त्याला तो नाकारता आला नाही. त्याने १५,००० रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी मी ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करत असून, कारागिराचा लेखी अहवाल आणि ती रबरी पट्टी त्यासोबत जोडणार आहे.