दुधाच्या दाढेचं रूट कॅनल: ट्रीटमेंट मस्त, पण नंतरच्या दुखण्याच्या वेळी क्लिनिक कितपत सोबत होतं?

मुलीच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल आम्ही फक्त लहान मुलांचे दात बघणाऱ्या क्लिनिकमध्ये करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव देत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे आणि कोणाला बदनाम करायचा हेतू नाही. लिहायचं कारण असं की सगळे रिव्ह्यू खेळणी किती, कार्टून लावतात का, स्टाफ गोड बोलतो का इथेच संपतात, आणि घरी आल्यावर भूल उतरली की पोर रडायला लागतं तेव्हा काय, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही.

मुलगी ५ वर्षांची, खालची सगळ्यात मागची दुधाची दाढ आतपर्यंत किडलेली. घरातून पहिला प्रश्न हाच आला की पडणाराच दात आहे ना, मग काढून टाका की. डॉक्टर मॅडमनी एक्स-रे समोर धरून शांतपणे दाखवलं, की ही दाढ साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते म्हणजे अजून निदान ५ वर्षं तिच्यावर चावायचंय, आणि तिच्या मागे ६ व्या वर्षाच्या आसपास कायमची दाढ येते, ही जागेवर नसली तर ती पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. दाढेच्या मुळांच्या मधोमध तो खालचा कायमचा दात बनत असलेला एक्स-रेमध्ये चक्क दिसत होता. ते बघितल्यावर घरातली चर्चा संपली.

अजून एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली ती फार आवडली. आपण सरसकट रूट कॅनल म्हणतो पण मुलांमध्ये त्याचे दोन प्रकार असतात. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली पण दाताच्या मुळांमधली नस चांगली असेल तर फक्त वरच्या भागातली नस काढतात आणि औषध भरतात, ती पल्पोटॉमी. मुळापर्यंत खराब असेल तर सगळी नस साफ करून मुळांमध्ये पेस्ट भरतात, ती पल्पेक्टॉमी. ही पेस्ट विरघळणारी लागते, कारण दुधाच्या दाताची मुळं पुढे आपोआप झिजतात तेव्हा पेस्ट पण झिजायला हवी, म्हणून मोठ्यांच्या रूट कॅनलला वापरतात ते मटेरियल इथे चालत नाही. आमची दुसऱ्या प्रकारातली केस होती, वर स्टीलची कॅप.

प्रत्यक्ष ट्रीटमेंटबद्दल तक्रार शून्य. प्रत्येक हत्यार आधी तिला दाखवलं, पाण्याचा फवारा तिच्या बोटावर मारून दाखवला, मग तोंडात. इंजेक्शनच्या आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं. दाताभोवती रबराचं शीट लावलं होतं त्यामुळे पाणी, औषध काही घशात जात नव्हतं. ती खुर्चीत जवळजवळ रडलीच नाही.

आता मुद्द्याचं, नंतरचं दुखणं. नस काढली तरी दुखतं कसं हा प्रश्न मला पण पडलेला. तर दुखतं ते दाताच्या आत नाही, मुळाच्या भोवतालचा भाग सुजलेला असतो तो, शिवाय इंजेक्शन टोचलेली जागा, रबर शीटचा क्लॅम्प हिरडीवर बसलेला ती जागा, आणि कॅपची कड हिरडीत थोडी दाबून बसवतात तिथे. आधीपासून इन्फेक्शन असेल तर अजून थोडं जास्त. १ ते ३ दिवस चावताना ठणका, हिरडी लाल, कॅपभोवती थोडं दुखरं, हे नॉर्मल आणि दर दिवशी कमी कमी होत जायला हवं, हा "कमी होत जायला हवं" शब्द मॅडमनी दोनदा सांगितला. कॅप नवीन असताना उंच लागते, मूल म्हणतं दात लागतोय, तोंड नीट मिटत नाही, ते पण बहुतेक वेळा काही दिवसांत बसतं.

औषधाच्या बाबतीत या क्लिनिकला पूर्ण मार्क. चिठ्ठी लिहायच्या आधी मुलीला वजनकाट्यावर उभं केलं. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर असतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान ४ ते ६ तास. आणि सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमवाली असते आणि २५० वाली पण असते, म्हणजे १६ किलोच्या मुलाला पूर्ण डोस म्हणजे २४० मिलिग्रॅम, तर पहिल्या बाटलीतून १० मिली आणि दुसऱ्यातून ५ मिलीपेक्षा किंचित कमी. "एक झाकण द्या" असं सांगणारे सगळीकडे भेटतात, त्यांचं ऐकलं तर एकतर दुखणं थांबणार नाही नाहीतर दुप्पट डोस जाईल. मॅडमनी बाटलीचं नाव, ताकद आणि मिली तिन्ही चिठ्ठीवर लिहून दिलं. पहिला डोस भूल पूर्ण उतरायच्या आधीच द्या हे पण सांगितलं आणि त्याचा खरंच फरक पडला, पहिली संध्याकाळ सोपी गेली. आयबुप्रोफेन चालतं पण काहीतरी खाल्ल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. घरी कोणीतरी लवंगेचं तेल लावायला सांगतंच, तर ते थेट हिरडीला लावू नका, मुलांची नाजूक त्वचा भाजते.

अँटिबायोटिक मी स्वतःहून मागितलं होतं, त्यांनी दिलं नाही. कारण सांगितलं की त्याने दुखणं थांबत नाही, ते सूज चेहऱ्यावर पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हाचं औषध आहे, साध्या ठणक्याला देऊन उपयोग नाही. माझ्या मते हीच चांगल्या डॉक्टरची खूण.

आता तक्रार. भुलेमुळे खालचा ओठ, गाल, जीभ दोन-तीन तास, कधी जास्त वेळ बधिर राहतात आणि मुलांना ते विचित्र वाटतं म्हणून ती ओठ चावत बसतात, त्यांना कळत पण नाही. ही सूचना छापील कागदावर खालच्या बाजूला बारीक अक्षरात होती, तोंडी कोणी बोललं नाही, निघताना असिस्टंटने फक्त पुढची तारीख सांगितली. लेकीने गाडीतच ओठाची आतली बाजू चावून ठेवली. संध्याकाळपर्यंत ओठ टम्म, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा-पिवळा थर, बघून वाटावं की पू झालाय. क्लिनिकला संध्याकाळी फोन लावला तर वाजतच राहिला, कागदावर दुसरा नंबरच नाही. लहान मुलाच्या दाताचं काम करून घरी पाठवताय तर पहिल्या रात्रीसाठी एक चालू नंबर हवाच, याला माझ्याकडे दुसरं मत नाही. सकाळी मात्र फोटो पाठवल्यावर लगेच उत्तर आलं, बोलावून पण घेतलं. ती चावल्याची जखम होती, पू नव्हता, असा थर भरत आलेल्या जखमेवर येतोच आणि आठवडा-दोन आठवड्यांत बरं होतं, अँटिबायोटिक लागत नाही. तसंच झालं. म्हणजे अख्खी रात्र जे दुखणं आम्ही दाढेचं समजत होतो ते ओठाचं होतं, दाढ तर तोपर्यंत शांत झालेली.

तुमच्या मुलाचं नुकतंच झालं असेल आणि म्हणून हे वाचत असाल तर कधी थांबायचं नाही ते सांगते. तीन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठतंय, दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी आली, दात हलतोय, तर क्लिनिकला परत जा, नस राहिलेली असू शकते किंवा इन्फेक्शन अजून आत असू शकतं, आणि कधी कधी दात काढून जागा राखणारी तार बसवावी लागते, तो पण उपचारच आहे. गाल किंवा जबड्याखाली सूज चढतेय, ताप आहे, डोळ्यापर्यंत सूज आली, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत पडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मार्क द्यायचे तर ट्रीटमेंट आणि समजावून सांगणं ५ पैकी ५, नंतरची सोय ५ पैकी २. दुसऱ्या दाढेला पण कीड आहे, तिचं काम आम्ही इथेच करणार आहोत. मी मॅडमना ओठाचं आणि फोनचं दोन्ही स्पष्ट सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी कागदावर पेनाने स्वतःचा मोबाईल नंबर लिहून दिला. छापील कागद मात्र अजून तोच आहे, तेव्हा जाणार असाल तर निघायच्या आधी रात्रीचा नंबर मागून घ्या आणि भूल उतरेपर्यंत मुलाच्या ओठांवर लक्ष ठेवा.