नाकाखालची सावली हलेना

चार मिनिटांची एक अ‍ॅनिमेशन फिल्म करत होतो. मागचे डोंगर, धुकं, लांबची झाडं एआयकडूनच काढून घेतली होती. कॅमेरा जागचा फारसा हलणार नसेल तर ते चालून जातं. चित्र सपाट पृष्ठभागावर लावायचं, डेप्थ मॅपने (काय जवळ, काय लांब ते सांगणाऱ्या चित्राने) थोडा उठाव द्यायचा, काम भागतं. म्हणजे यातलं मला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. तरी फसलो.

मुख्य पात्र मात्र हाताने घडवलेलं, रिग केलेलं (आत हलवता येणारा सांगाडा बसवलेलं) हवं होतं. खांद्याला चामड्याची पिशवी अडकवलेली एक म्हातारी. ओळखीतून एक थ्रीडी मॉडेलर मिळाला. त्याचे नमुने बघत राहावे असे. अर्धे पैसे आधी मागितले, दिले. आठवड्याने चार बाजूंची चार रेंडर, म्हणजे मॉडेलची तयार चित्रं, आली. समोरून पिशवीच्या पट्ट्याला तीन भोकं, बाजूने दोन, आणि पाठीमागून पाहिलं तर पिशवीच दुसऱ्या खांद्यावर! विचारलं तर म्हणे, "सर, वेगवेगळी व्हर्जन्स आहेत, फायनलला जुळेल." मी मान डोलावली. वर रिगिंगवाल्याला द्यायचेत म्हणून उरलेले पैसेही त्याने काढले. इथे मी निव्वळ मूर्खपणा केला.

शेवटी थ्रीडी मॉडेलची एकुलती एक जीएलबी फाइल आली. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडली, दिवा डावीकडून उजवीकडे नेला. नाकाखालची सावली हलेना. म्हणजे सावली टेक्स्चरमध्येच, मॉडेलवर गुंडाळलेल्या चित्रातच, रंगवलेली. चित्रावरचा उजेड जसाच्या तसा चेहऱ्यावर चिकटवला होता. वायरफ्रेम (पृष्ठभागाची नुसती जाळी) लावली तर त्रिकोणांचा नुसता खच. डोळ्यांभोवती, ओठांभोवती कडांची वलयं असतात, त्यांच्यामुळे चेहरा हलतो. इथे ती नव्हतीच, आणि ओठ तर एकमेकांना जोडलेलेच. हात, कोट, पिशवी सगळ्यांची मिळून एकच कातडी. हात वर केला की पिशवी च्युइंगमसारखी ताणली जायची.

आणि अंबाड्याच्या जागी पुसटसा दुसरा चेहरा. हा दोष जाणकारांना चांगला ठाऊक आहे. दोन तोंडांच्या रोमन देवावरून त्याला जेनस म्हणतात. चित्रं काढायला शिकलेल्या एआय मॉडेलने माणसं बहुतेक समोरूनच पाहिलेली असतात, त्यामुळे पाठीमागेही ते चेहराच काढू पाहतं.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, "आजकाल सगळे एआयच वापरतात." वापरू दे की, मीही वापरतो. हाताने घडवलंय म्हणून का विकलंस, एवढंच माझं म्हणणं. त्यानंतर फोन बंद.

आता कोणाला काम देताना गुळगुळीत रेंडरकडे मी बघतही नाही. वायरफ्रेमसकट मॉडेल गोल फिरवून दाखवणारा टर्नटेबल व्हिडिओ मागतो, उजेड-सावली नसलेला नुसत्या रंगाचा मॅप मागतो, आणि स्क्रीन शेअर करून माझ्यासमोर दिवा फिरवायला लावतो. पाच मिनिटं लागतात. खरं काम करणारा यावर कधी रागावत नाही, उलट खुशीने दाखवतो. मूळ फाइल हाती पडेपर्यंत शेवटचा हप्ताही देत नाही.

म्हातारी शेवटी मीच घडवायला घेतली. अजून तिच्या बोटांचं वेट पेंटिंग (कुठल्या हाडाने किती कातडी हलावी ते ठरवणं) रखडलंय. त्या मॉडेलरच्या नमुन्यांत मात्र माझी म्हातारी दिमाखात बसली आहे. फक्त समोरून.