‘कायम एवढाच राहतो’ असे सांगून विकलेले ससे

जेमतेम चार आठवड्यांची, अजून आईच्या दुधाची गरज असलेली पिल्ले ‘मिनी’ किंवा ‘टीकप’ जातीचे ससे म्हणून गळ्यात मारणे ही सशांच्या विक्रीतली जुनीच हातचलाखी आहे, आणि ती सहसा उघडकीस येत नाही. पिल्लू विक्रेत्याकडे आजारी पडत नाही, आपल्या घरी पडते, आणि मग दोष आपसूकच खाऊ घालणाऱ्याच्या माथी येतो. माझी फसवणूक अगदी याच पद्धतीने झाली. तिचा एकेक धागा इथे उलगडून सांगत आहे, जेणेकरून इतरांना ती व्यवहाराच्या वेळीच ओळखता येईल.

दोन भावंडे घेताना मी वय विचारले होते, दूध सुटले आहे का हे विचारले होते आणि सध्या काय खातात हेही विचारले होते. उत्तरे तयारच होती: अडीच महिने पूर्ण, दूध केव्हाच सुटले, जातच लहान, त्यामुळे यापुढे फारशी वाढ होणार नाही. आई दाखवा म्हटल्यावर ती ‘दुसऱ्या जागी’ असल्याचे सांगण्यात आले. पिल्लेही या बोलण्याला दुजोरा देणारीच दिसत होती. सशाच्या पिल्लाचे डोळे साधारण 10 ते 12 दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ते काहीबाही कुरतडू लागते आणि चौथ्या आठवड्यात अंगभर केस असलेले, कान उभे करून उड्या मारणारे, दिसायला संपूर्ण असे छोटे ससेच तयार झालेले असते. नवख्या माणसाला त्यात आणि खरोखरच्या ठेंगण्या जातीच्या सशात फरक करता येणे कठीणच.

सोबत दोन वस्तू ‘मोफत’ मिळाल्या. एक म्हणजे ‘संपूर्ण आहार’ अशी चिठ्ठी लावलेले पाकीट. त्यात मक्याचे तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, वाळलेले वाटाणे, लाल-हिरव्या बिस्किटासारख्या चकत्या आणि तळाशी थोड्या हिरवट गोळ्या होत्या. दुसरी म्हणजे ‘पचनाचे टॉनिक’ असे हाताने लिहिलेली छोटी बाटली. तिच्यातले औषध गुलाबी होते आणि त्याला गोळ्या-चॉकलेटांसारखा गोड वास होता. लेंड्या मऊ झाल्या तर यातले थोडे पाजायचे, अशी सूचना होती. निरोगी म्हणून विकलेल्या पिल्लांसोबत जुलाबाचे औषध आधीच कशासाठी दिले जाते, याचा उलगडा पुढे झाला.

पाकिटातले रंगीत आणि गोडसर तेवढे पिल्लांनी वेचून खाल्ले, हिरव्या गोळ्यांना तोंडही लावले नाही आणि वाळलेले गवत नुसते विसकटून टाकले. लेंड्या आधी बारीक आणि वेड्यावाकड्या झाल्या, मग कमी झाल्या आणि शेवटी त्यांच्या जागी पारदर्शक, जेलीसारखा चिकट पदार्थ पडू लागला. लहान पिल्लू पाठ वाकवून कोपऱ्यात बसले, दात करकरा वाजवू लागले. पोट फुगलेले होते आणि हातात घेतले की आत पाणी डुचमळल्यासारखे जाणवत होते. विक्रेत्याला फोन केल्यावर उत्तर आले, “तुम्हीच काहीतरी भलतंसलतं खाऊ घातलं असणार. माझ्याकडून गेली तेव्हा चांगली उड्या मारत होती. टॉनिक पाजा, बरी होतील.”

टॉनिक पाजण्याऐवजी पिल्ले, पाकीट आणि बाटली असे सगळेच पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरांनी आधी वजन केले. मोठे पिल्लू 400 ग्रॅमही भरले नाही. डोके, कान आणि अंगाचे प्रमाण पाहून त्यांनी वय चार-पाच आठवड्यांहून जास्त नसल्याचे सांगितले. मग बाटलीवरची चिठ्ठी नखाने सोलली. खाली छापील लेबल होते: अमॉक्सिसिलिन, लहान मुलांना देतात ते पेनिसिलिन गटातले प्रतिजैविक. पेनिसिलिन गटातली औषधे सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावू शकतो. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिनचेही तेच. काही प्रतिजैविके सशांना चालतात, परंतु ती कोणती आणि किती हे सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

लहान पिल्लू त्या रात्रीच गेले. दुसरे उपचारांनी वाचले.

वयाबद्दलचे खोटे इतके महागात का पडते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मोठ्या सशाच्या जठरात आम्ल इतके तीव्र असते की बहुतेक जंतू तिथेच संपतात. दूध पिणाऱ्या पिल्लाचे जठर तसे नसते. तिथे आईच्या दुधातल्या स्निग्ध पदार्थांपासून तयार होणारी द्रव्ये जंतूंना आवर घालतात. दूध अकाली तोडले की हे संरक्षण जाते आणि आम्लाचे अजून आलेले नसते. शिवाय पिल्ले आईची विष्ठा खाऊन तिच्या पोटातले उपयुक्त जिवाणू मिळवतात, आणि सीकम नावाच्या आतड्याच्या मोठ्या पिशवीत ते रुजायला वेळ लागतो. अशा अर्धवट तयार पोटात मका आणि बिस्किटांचे पिष्ट गेले की ते नीट न पचता सीकमपर्यंत पोहोचते आणि नको त्या जिवाणूंची चंगळ होते. त्यात जागा बदलल्याचा ताण, आणि कॉक्सिडिया हे परजीवी आधीच पोटात असले तर विचारायलाच नको. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहावे, असे सांगितले जाते. माझ्या मते ती बाटली उपचारासाठी नव्हतीच. जुलाब काही दिवस दडपून पिल्लू दाराबाहेर काढण्यापुरतीच तिची योजना होती.

पैशांची मागणी केली तेव्हा विक्रेत्याने आधी डॉक्टरांनाच खोटे ठरवले आणि मग फोन उचलणे बंद केले. वाचलेला ससा मात्र वाढत राहिला आणि आज त्याचे वजन 2 किलोच्या पुढे आहे. नेदरलँड ड्वार्फ ही लहानात लहान जातींपैकी एक, आणि तिचा पूर्ण वाढलेला ससासुद्धा 1 किलोच्या आसपास भरतो. कायम तळहातावर मावेल अशी पाळीव सशांची जातच नाही, त्यामुळे असा दावा कानावर पडताच तो खोटा धरून चालायला हरकत नाही.

पिल्लू घेताना आई समोर असावी आणि जन्मतारीख संदेशात लेखी मागावी. वय खरे असेल तर ती देण्यात कोणाचे काही जात नाही. पिल्लू आपल्यासमोर वाळलेले गवत खाते का, हे थोडा वेळ बसून पाहावे. शेपटीखालचा भाग कोरडा आणि स्वच्छ असावा, पिंजऱ्यातल्या लेंड्या गोल आणि कोरड्या असाव्यात. द्राक्षाच्या घोसासारख्या चकचकीत मऊ लेंड्या क्वचित दिसल्या तर घाबरू नये, त्या ससा स्वतःच परत खातो. जेलीसारखा स्राव हा मात्र धोक्याचाच. विक्रेता जे खायला घालत असेल तेच थोडे मागून घ्यावे आणि नवा आहार आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. वाढत्या पिल्लाला गवत अमर्याद, लसूणघासही चालतो, तंतूंचे प्रमाण भरपूर असलेल्या एकसारख्या पेलेट्स (खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) बेताने, आणि दाणे-बिस्किटांचे रंगीत मिश्रण अजिबात नाही. पिल्लाने अर्धा दिवस काही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत, आणि विक्रेत्याने दिलेली प्रत्येक पुडी, पाकीट आणि बाटली चिठ्ठीसकट सोबत न्यावी.